सोंगक्रान म्हणजे संक्रांतच, पण कोणती?

एका वाचकांची शंका अशी: "मुलगी नोकरीनिमित्त थायलंडला असते. तिथे एप्रिलमध्ये सोंगक्रान नावाचा पाण्याचा सण असतो आणि हा शब्द म्हणजे तुमची संक्रांतच, असं तिला तिथल्या मैत्रिणीने सांगितलं. मग आपली जानेवारीत आणि त्यांची एप्रिलमध्ये कशी? की नावातलं साम्य नुसतं वरवरचं? आणि मराठीत लिहायचं तर काय लिहावं?"

मैत्रीण बरोबर सांगते आहे. थाई लिपीतला हा शब्द अक्षराला अक्षर ठेवून देवनागरीत मांडला तर 'सङक्रान्त' असा दिसतो. शेवटचा त लिहितात, पण उच्चारत नाहीत. तो मुका आहे हे कळावं म्हणून त्याच्या डोक्यावर एक बारीक खूण करतात. त्या खुणेचं नाव थंथखात, म्हणजे दंडघात. अक्षर लिहायचं आणि त्याच्याच डोक्यात काठी घालायची! राहिला 'सं'चा 'सों'. दोन व्यंजनांमध्ये स्वर लिहिलेला नसेल तर थाई माणूस तिथे ओ उच्चारतो. म्हणून 'सङ'चा सोंग झाला आणि 'शक'चा सोक (हा सोक पुढे भेटेलच).

आता महिन्यांचं कोडं. संक्रांत म्हणजे सूर्याने एका राशीतून दुसरीत पाऊल टाकणं. अशा संक्रांती वर्षाला बारा. आपण बोलता बोलता मकरसंक्रांतीतला मकर गाळला, त्यांनी मेषसंक्रांतीतला मेष गाळला. एवढाच काय तो फरक. पंजाबची बैसाखी, केरळचं विशू, तमिळ पुथांडू हे त्याच मेषसंक्रांतीच्या आगेमागे येतात. कंबोडिया, लाओस, म्यानमारमध्येही नवं वर्ष तेव्हाच, आणि म्यानमारचा 'थिंज्यान' हाही संक्रांतच, जास्त झिजलेली.

थाई कॅलेंडर उघडलं की ही वाटणी स्वच्छ दिसते. एप्रिलचं थाई नाव मेसायोन, म्हणजे मेष अधिक आयन. जानेवारीचं मकराखोम, म्हणजे मकर अधिक आगम. 31 दिवसांच्या महिन्याला 'खोम', 30 दिवसांच्या महिन्याला 'योन', आणि बिचाऱ्या फेब्रुवारीला कुंभावरून 'कुम्फाफान', म्हणजे कुंभबंध. तेव्हा आपली संक्रांतही तिकडे आहे. फक्त सणात नाही, महिन्याच्या नावात जाऊन बसली आहे.

सरकारी वर्षारंभ तिथे 1889 मध्ये 1 एप्रिलला आणला गेला आणि 1941 पासून 1 जानेवारीला. पण गावाकडचं नवं वर्ष सोंगक्रानलाच. सण तीन दिवसांचा, 13 ते 15 एप्रिल: पहिला सोंगक्रान, दुसरा नाओ, तिसरा 'थलेंग सोक', शक बदलण्याचा दिवस. हा सोक म्हणजे आपल्या 'शालिवाहन शके'मधलाच शक. सुखोथाई ह्या जुन्या थाई राज्याच्या शिलालेखांत कालगणनाही तीच आहे, इसवी सन 78 पासूनची.

इथवर व्युत्पत्ती झाली. मला खरी गंमत वाटते ती पुढच्या गोष्टीत.

आमच्या आजीचा जानेवारीतला ठरलेला प्रश्न असे, "यंदा संक्रांत कशावर बसून आलीय?" पंचांगात संक्रांतीचं सगळं वर्णन असतं: वाहन वाघ, उपवाहन घोडा, पिवळं वस्त्र, हाती गदा, बसलेली, पायस खाते आहे. ती जे नेसते-खाते ते महागतं किंवा नासतं, म्हणून त्या वर्षी बायका पिवळी साडी नेसायची टाळतात. 'एखाद्यावर संक्रांत येणे' हा वाक्प्रचारही ह्याच धास्तीतला.

थायलंडमध्ये हीच बाई आहे, नांग सोंगक्रान. कथा अशी की कपिल ब्रह्माने (उच्चार 'कबिन फ्रोम') धर्मपाल कुमाराला कोडं घातलं: माणसाची 'रासी' सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी कुठे असते? ही रासी म्हणजे आपली राशीच, पण इथे अर्थ तेज, श्री असा. पैज शिराची. कुमाराला पक्ष्यांची भाषा येत होती. झाडाखाली पडल्या पडल्या त्याने गरुडाच्या जोडीचं बोलणं ऐकलं आणि उत्तर कळलं. सकाळी तोंडावर, म्हणून तोंड धुवायचं. दुपारी छातीवर, म्हणून तिथे सुगंध लावायचा. संध्याकाळी पायांवर, म्हणून पाय धुवायचे. ब्रह्मा हरला. पण त्याचं शिर जमिनीवर पडलं तर जग जळेल, समुद्रात पडलं तर समुद्र आटेल, आकाशात फेकलं तर पाऊस थांबेल. म्हणून त्याच्या सात मुलींपैकी एक जण दरवर्षी ते शिर घेऊन मेरूला प्रदक्षिणा घालते. कुणाची पाळी, ते सोंगक्रानच्या वारावरून ठरतं. 2024 मध्ये 13 एप्रिलला शनिवार होता, म्हणून मोरावरची आली. रविवारची गरुडावर येते, हातात चक्र आणि शंख. मंगळवारची डुकरावर, आणि तिचा आहार रक्त. गुरुवारची हत्तीवर, खाते कडधान्य आणि तीळ! (तीळ वाचून मी खुर्चीतच सरसावलो, पण तिळगुळाशी त्याचा संबंध जोडायचा मोह आवरलेला बरा.) ती कितव्या प्रहराला येते त्यावरून उभी, बसलेली की निजलेली ते ठरतं, आणि त्यावरून वर्षाचं भाकीत.

आता त्या मुलींची नावं पाहा. मंगळवारची राक्सोत, बुधवारची मोन्था, शनिवारची महोथोन. थाईत शब्दाच्या शेवटी र आला की त्याचा न होतो, म्हणजे महोथोन ही महोदर. आपल्या मुहूर्तग्रंथांत संक्रांतीला वारावरून सात नावं आहेत: घोरा, ध्वांक्षी, महोदरी, मंदाकिनी, मंदा, मिश्रा, राक्षसी. राक्षसी, मंदा आणि महोदरी तर सरळ ओळखू येतात. सोमवारची खोराखा म्हणजे घोरा आणि रविवारची थुंगसा म्हणजे ध्वांक्षी, असा माझा तर्क. वार मात्र प्रवासात विस्कटले: आपल्याकडे महोदरी मंगळवारची आणि राक्षसी शनिवारची, तिथे बरोब्बर उलट. म्हणजे तिकडे नुसता शब्द गेला नाही, पंचांगाचं पानच गेलं. आपण तिला घाबरलो, त्यांनी तिची मिरवणूक काढली.

उत्तरेत चियांग माईच्या बाजूला शब्दाचं आणखी एक रूप आहे, सांगखान. पहिल्या दिवसाला 'सांगखान लोंग' म्हणतात. लोंग म्हणजे प्रवाहाबरोबर वाहत जाणं. सांगखान आजा आणि सांगखान आजी गावाची पीडा गोळा करून नदीने निघून जातात, असं मानतात. म्हणून पहाटेच फटाके लावायचे आणि घर झाडून काढायचं. 'संस्कार'च्या पाली रूपाचा थाई उच्चारही सांगखानच, आणि अर्थ देह. त्यामुळे म्हातारी माणसं नाव उलगडतात ते असं: देह एका वर्षाने ओसरला.

दुसऱ्या दिवसाचा नाओ मूळ ख्मेर भाषेतला, अर्थ 'राहणे'. उत्तरेच्या कानाला तो 'सडलेला' असा ऐकू आला, आणि त्यातून नियमच निघाला: ह्या दिवशी कुणाला शिवी द्यायची नाही, नाहीतर वर्षभर तोंड सडेल. 'गोड गोड बोला'चीच ही जरा दमदाटीची आवृत्ती. त्याच दिवशी नदीची वाळू देवळात नेऊन तिचे छोटे स्तूप रचतात. वर्षभर येता-जाता पायाला चिकटून देवळाची जी वाळू बाहेर गेली, ती परत करायची. मग थोरामोठ्यांकडे सुवासिक पाणी घेऊन जायचं. त्या विधीला 'दाम हुआ' म्हणतात, शब्दशः डोकं धुणं, आणि पाण्यात घालतात सोम पोय, म्हणजे आपली शिकेकाई. भोगीला डोक्यावरून न्हाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

शेवटचा प्रश्न, लिहायचं काय. 'सोंगक्रान' लिहा. 'सॉंगक्रान' हा इंग्रजीच्या वळणाचा उच्चार, थाईत तिथे ओ आहे. 'थाई संक्रांत' लिहिलं तर वाचणारा जानेवारीच समजेल. लिंगाचं म्हणाल तर सण म्हणून 'तो सोंगक्रान' कानाला बरा लागतो. पण मोरावर बसून येते ती मात्र 'ती'च.