वाचकांचे प्रश्न : गावाने मिळून वीज विकत घेता येईल का?

प्रश्न : माझी कन्या अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात एका लहान शहरात राहते. मध्यंतरी तिच्या घरी नगरपालिकेचे पत्र आले. नगरपालिका सर्व रहिवाशांसाठी एकत्रित वीज खरेदी करणार आहे, ज्यांना नको असेल त्यांनी मुदतीत तसे कळवावे, आणि ज्यांना पूर्णपणे अपारंपरिक ऊर्जेची वीज हवी असेल त्यांनी थोडा जास्त दर देऊन तो पर्याय निवडावा, असे त्यात लिहिले होते. आमच्या गावात सुमारे साडेतीनशे घरे आहेत. ग्रामसभेत ठराव करून आम्हांलाही अशी वीज घेता येईल काय? (एक निवृत्त शिक्षक, गुहागर तालुका)

उत्तर : आजच्या कायद्यानुसार घरगुती ग्राहकांना असे करता येत नाही. मात्र नकाराचे कारण समजून घेतले, तर आपल्या गावाला काय करता येण्यासारखे आहे तेही दिसते. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्या कन्येकडे जी पद्धत आहे, तिला मॅसॅच्युसेट्समध्ये 1997 च्या कायद्याने वाट करून दिली. त्या कायद्याने वीज पुरवण्याचा व्यवहार आणि वीज वाहून नेण्याचा व्यवहार एकमेकांपासून वेगळे केले. खांब, तारा, मीटर आणि बिघाड झाल्यावर येणारा वायरमन जुन्या कंपनीचाच राहिला. त्या तारांतून येणारी वीज कोणाकडून विकत घ्यायची, हे ठरवण्याची मुभा मात्र ग्राहकाला मिळाली. एकटे कुटुंब घासाघीस करू शकत नाही, म्हणून नगरपालिकेने सर्वांच्या वतीने पुरवठादाराशी करार करावा, अशी सोय त्याच कायद्यात होती. केप कॉड आणि मार्थाज व्हिन्यर्ड या समुद्रकाठच्या भागातील गावे यासाठी सर्वांत आधी एकत्र आली. पुढे कॅलिफोर्नियाने 2002 मध्ये असाच कायदा केला, आणि तेथील मरिन परगण्यातील योजनेतून 2010 पासून घरांना वीज मिळू लागली.

या योजनांचा कणा म्हणजे आपण उल्लेखिलेले ते पत्र. जो काहीच कळवत नाही तो योजनेत आपोआप सामील होतो. बाहेर राहायचे असेल तर तसे सांगावे लागते. लोक अशी पत्रे न वाचता बाजूला ठेवतात हे गृहीत धरूनच ही रचना केलेली आहे, आणि म्हणून हजारो घरांची मागणी एका करारात बांधता येते. यात थोडी जबरदस्ती आहे, असे माझे मत आहे. पण बहुतेक ठिकाणी दंड न भरता केव्हाही बाहेर पडता येते, त्यामुळे ती सोसवण्यासारखी ठरते. दर नेहमीच स्वस्त पडतो असेही नाही. नगरपालिकेचा दर कराराच्या मुदतीपुरता ठरलेला असतो आणि कंपनीचा मूळ दर ठरावीक काळाने बदलत राहतो. त्यामुळे कधी योजनेतले लोक फायद्यात असतात, तर कधी बाहेरचे.

आता आपले महावितरणचे बिल हातात घ्यावे. त्यात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि 16 टक्के वीज शुल्क अशा ओळी दिसतील. वहन आकार म्हणजे तारांचे भाडे आणि वीज आकार म्हणजे विजेची किंमत. म्हणजे जी फारकत अमेरिकेत कायद्याने झाली, ती आपल्या बिलावर कागदोपत्री आधीच छापलेली आहे. फरक एवढाच की, वीज आकाराच्या ओळीसमोर दुसऱ्या पुरवठादाराचे नाव घालण्याचा अधिकार आपल्याला नाही. वीज कायदा 2003 प्रमाणे वितरणाचा परवाना ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडूनच लहान ग्राहकाने वीज घ्यायची असते, आणि कोकणात तो परवाना महावितरणकडे आहे. मुंबईच्या काही भागांत एकाहून अधिक परवानाधारक आहेत, म्हणून तेथील चाकरमान्याला कंपनी बदलता येते. गावच्या घरासाठी मात्र त्याला तशी सोय नाही. एकाच जाळ्यावरून अनेक परवानाधारकांना वीज विकू देणारे दुरुस्ती विधेयक ऑगस्ट 2022 मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि स्थायी समितीकडे पाठवले गेले.

मोठ्या ग्राहकांसाठी वाट थोडी मोकळी आहे. खुला प्रवेश म्हणजे वितरण कंपनीच्या तारांवरून दुसऱ्या पुरवठादाराची वीज घेण्याची मुभा; त्यासाठी किमान भाराची मर्यादा पूर्वी 1 मेगावॅट होती. जून 2022 च्या केंद्रीय नियमांनी हरित ऊर्जेपुरती ती 100 किलोवॅटवर आणली. एकाच विभागातील अनेक जोडण्यांचा भार मिळून 100 किलोवॅट होत असला तरी चालते, असे पुढे स्पष्ट करण्यात आले. हे वाचून साडेतीनशे घरांची बेरीज करण्याचा मोह होईल, परंतु त्या जोडण्या एकाच ग्राहकाच्या असाव्या लागतात. शेजाऱ्यांच्या मीटरची बेरीज येथे धरली जात नाही. त्यातूनही वहन आकार आणि अधिभार सुटत नाहीत ते नाहीतच.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी दुसरा प्रश्न उरतो आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आपल्या गावातील किती घरे महिन्याला 100 युनिटांच्या आत आहेत? कोकणातल्या कोणत्याही वाडीत फिरून पाहावे. निम्म्या दारांना कुलूप, गणपती आणि शिमगा सोडला तर पंखा फिरत नाही, आणि उरलेल्या घरांत दोन वयस्क माणसे, एक फ्रीज आणि एक टीव्ही. पहिल्या 100 युनिटांचा दर आपल्याकडे सर्वांत कमी ठेवलेला आहे. तो पुरवठ्याच्या सरासरी खर्चाहूनही कमी आहे आणि ती तूट मोठ्या ग्राहकांकडून भरून काढली जाते. बाजारातून करार करून वीज आणणाऱ्या कोणालाही या दराशी स्पर्धा करणे अवघड आहे. म्हणजे परवानगी मिळाली, तरी आपल्या गावातील बहुतेक घरांचे बिल वाढण्याचीच शक्यता अधिक.

गावात खरे मोठे बिल नळपाणी योजनेच्या पंपाचे असते. ग्रामसभेत त्या बिलाची बारा महिन्यांची पाने मांडून बसावे. पंप बहुधा दिवसा चालवता येतो, टाकी उंचावर असते, आणि दिवसा भरलेली टाकी हीच एक प्रकारची बॅटरी होय. पंपगृहाजवळ ग्रामपंचायतीची मोकळी जागा असेल, तर तेथे सौर संच बसवून त्याच जोडणीवर नेट मीटरिंग (तारांत सोडलेली वीज बिलातून वजा करण्याची सोय) घेणे, हा सामुदायिक विजेचा आपल्या आवाक्यातला प्रकार आहे. पाणीपट्टी सर्वांची, म्हणून बचतही सर्वांची.

एक आठवण आपल्या तालुक्यातलीच द्यावीशी वाटते. अंजनवेलच्या दाभोळ प्रकल्पाची वीज 1999 मध्ये येऊ लागली आणि 2001 मध्ये राज्य वीज मंडळाने ती घेणे थांबवले, कारण करारातला दर डॉलरशी आणि इंधनाच्या किमतीशी बांधलेला होता आणि वीज घेतली नाही तरी क्षमतेचे पैसे द्यावे लागत होते. ग्रामपंचायतीसमोर उद्या कोणी पंचवीस वर्षांचा सौर करार घेऊन आला, तर दर दरवर्षी किती वाढणार आणि वीज वापरली नाही तर काय द्यावे लागणार, ही दोन कलमे आधी वाचावीत.

प्रश्न : आमची चिपळूणची सोसायटी 24 सदनिकांची आहे. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातील दिवे यांचे मिळून महिन्याला सुमारे 900 युनिट होतात. गच्चीवर सौर पॅनेल बसवावे असा ठराव झाला आहे, पण पावसाळ्याचे चार महिने वाया जातील, असे काही सभासदांचे म्हणणे आहे. (सोसायटीचे सचिव)

उत्तर : सभासदांची शंका रास्त आहे, परंतु निष्कर्ष चुकीचा आहे. 1 किलोवॅटचा संच वर्षाची सरासरी काढली, तर दिवसाला साधारण 4 युनिट देतो आणि त्याला सुमारे 100 चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. आपल्याला 7 ते 8 किलोवॅटचा संच पुरेल, म्हणजे 800 चौरस फूट गच्ची. जुलैमध्ये तो यातले निम्मेही देणार नाही, हे खरे.

तथापि नेट मीटरिंगमध्ये जादा युनिट पुढच्या महिन्याच्या बिलात वळते होतात आणि हिशेब आर्थिक वर्षाच्या शेवटी, म्हणजे 31 मार्चला मिटवला जातो. कोकणाच्या उन्हाचे वेळापत्रक या हिशेबाला चांगले जुळते. एप्रिल आणि मेमध्ये पॅनेल भरपूर वीज देते, ते जादा युनिट जमा राहतात आणि जून ते सप्टेंबर या काळात खर्ची पडतात. ऑक्टोबरनंतर आकाश पुन्हा स्वच्छ होते. अडचण फेब्रुवारी-मार्चमध्ये उरलेल्या युनिटांची. ते 31 मार्चनंतर पुढे जात नाहीत आणि त्यांचा मोबदला आपण भरतो त्या दरापेक्षा कमी मिळतो. म्हणून संच गरजेपेक्षा थोडा लहान घ्यावा, मोठा घेऊ नये. विक्रेता नेमका याच्या उलट सल्ला देईल.

पंतप्रधान सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक सुविधांसाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. एकट्या घराला पहिल्या 2 किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे 30,000 आणि 3 किलोवॅट किंवा अधिक क्षमतेला एकूण 78,000 रुपये मिळतात. सोसायटीचा दर कमी दिसतो म्हणून काही सभासद स्वतंत्र संच बसवण्याचा आग्रह धरतील. पण 24 जणांनी एका गच्चीचे 24 तुकडे केले, तर शेवटी टाकी धुवायला जायलाही वाट उरणार नाही. सामाईक मीटरपासून सुरुवात करावी आणि जागा उरली तर पुढचे पाहावे.

प्रश्न : महावितरणकडून ‘हरित’ वीज घेता येते, असे ऐकले. ती घेतली तर माझ्या घरात खरोखर सौर किंवा पवन वीज येईल का? (एक वाचक, देवरुख)

उत्तर : तारेतून येणारी वीज कोठली आहे, हे कोणालाच सांगता येत नाही. देवरुखच्या घरातला दिवा पोफळीच्या कोयना जलविद्युत केंद्राच्या विजेवर पेटतो की विदर्भातल्या कोळशाच्या, याचे उत्तर विजेजवळ नसते. ते हिशेबाच्या वहीत असते. राज्य वीज नियामक आयोगाने 2021 मध्ये ही सोय दिली, तेव्हा दर युनिटमागे 66 पैसे जादा ठरवले होते. ग्राहकाने वापरली तेवढी अपारंपरिक वीज कंपनीने खरेदी केल्याची नोंद ठेवायची, असा तो व्यवहार आहे. अमेरिकेतील योजनांमधील शंभर टक्के हरित पर्यायही मुळात असाच प्रमाणपत्रांच्या हिशेबावर चालतो.

त्या दराने 150 युनिटांना महिन्याला 99 रुपये होतात. दर आदेशाबरोबर हा आकडा बदलू शकतो, म्हणून अर्ज करण्यापूर्वी ताजा दर पाहावा. स्वतःचे छप्पर नसलेल्या भाडेकरूला हा पर्याय योग्य आहे. ज्याचे कौलारू छप्पर माडांच्या सावलीत आहे त्यालाही हेच सांगेन. पॅनेलसाठी माड तोडू नयेत.

प्रश्न : निसर्ग वादळात आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. सौर संच बसवला तर अशा वेळी घरात उजेड राहील ना? (एक वाचक, दापोली तालुका)

उत्तर : साध्या संचाने राहणार नाही, आणि ही गोष्ट विकताना कोणी सांगत नाही. नेट मीटरिंगचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र, तारेतील वीज गेली की स्वतः बंद पडतो. खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या छपरावरून शॉक बसू नये, यासाठी ही व्यवस्था सक्तीची आहे. बाहेर लख्ख ऊन आणि घरात काळोख, असा प्रकार त्यामुळे होतो. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील, तर बॅटरीला जोडता येणारा हायब्रिड इन्व्हर्टर मागावा लागतो. सारे घर त्यावर चालवण्याचा विचार करू नये. दोन दिवे, एक पंखा, मोबाइल आणि आवश्यक असेल तर फ्रीज एवढ्यासाठी वेगळी वायर काढून घ्यावी, म्हणजे बॅटरी लहान पुरते.

3 जून 2020 चे निसर्ग आणि त्याच्या पुढच्या वर्षी मे महिन्यातले तौक्ते, ही दोन्ही वादळे अनुभवलेल्या भागात सांगाड्याकडे पॅनेलपेक्षा जास्त लक्ष द्यावे. माझ्या स्वतःच्या घरी कंत्राटदाराने सांगाडा चांगला दिला, पण नटबोल्ट साधे लोखंडी वापरले. खाडीवरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यात दुसऱ्या पावसाळ्यानंतर पान्याने फिरवायला गेलो, तर एका बोल्टचे डोके माझ्या हातातच आले. सर्व बोल्ट बदलून स्टेनलेस स्टीलचे घातले, त्याचा खर्च मलाच सोसावा लागला. आपण कोटेशन मागताना नटबोल्टचा प्रकार, सांगाड्यावरील जस्ताचा थर आणि किती वेगाच्या वाऱ्यासाठी तो तयार केला आहे, या तीन गोष्टी लेखी मागाव्यात. कौलांवर सांगाडा ठेवायचा असेल, तर तो खालच्या वाशांना बांधला पाहिजे, रिपांना नव्हे; आणि हे काम सुताराला दाखवून मगच करावे.

प्रश्न : आमचे गावचे घर वर्षातले दहा महिने बंद असते. अनुदान आहे म्हणून तेथे 3 किलोवॅटचा संच बसवावा का? (एक वाचक, मूळ गाव सावंतवाडी तालुका)

उत्तर : नको. बंद घरात तयार होणारे युनिट 31 मार्चला कमी भावात निघून जातील, आणि फांदी पडून पॅनेल फुटले तर ते आपल्याला गणपतीला गेल्यावरच कळेल. तेवढे पैसे मुंबईच्या सोसायटीच्या गच्चीवरील संचात घालावेत.