वाचकांचे प्रश्न: अमेरिकेच्या स्केटर मुली आणि मधली चोवीस वर्षं

२०२६ चं मिलान ऑलिंपिक झाल्यापासून फिगर स्केटिंगबद्दल इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय, आणि त्यातही अमेरिकेच्या मुलींना, कारण बहुतेकांचे प्रश्न तिथेच येऊन थांबतायत. बरेच प्रश्न सारखे होते, ते एकत्र केलेत.

प्रश्न: मिलानमध्ये अमेरिकेच्या अलीसा ल्यूला गोल्ड मिळालं तेव्हा सगळीकडे "२४ वर्षांनी" असं ऐकलं. मधल्या काळात अमेरिकेकडे चांगल्या मुलीच नव्हत्या का?

होत्या हो, चिक्कार होत्या, आणि म्हणूनच तर जास्त वाईट वाटायचं. आधी हे बघा की २००२ पर्यंत अमेरिकेला या मेडलची सवयच झालेली होती. पेगी फ्लेमिंग १९६८, डोरोथी हॅमिल १९७६, क्रिस्टी यामागुची १९९२, तारा लिपिन्स्की १९९८, सारा ह्यूज २००२. १९९१ च्या वर्ल्ड्सला (वर्ल्ड चॅम्पियनशिपला) तर पहिल्या तिन्ही नंबरांवर अमेरिकनच होत्या. मग २००६ ला ट्युरिनमध्ये साशा कोहेन शॉर्ट प्रोग्रामनंतर (स्पर्धेचा पहिला, छोटा भाग) पहिली होती, फ्री स्केटच्या (दुसरा, मोठा भाग) सुरुवातीलाच पडली, सिल्व्हर मिळालं, आणि त्यानंतर मुलींच्या सिंगल्समध्ये ऑलिंपिकचं एकही मेडल नाही, थेट २०२६ पर्यंत. वीस वर्षं! त्याच २००६ मध्ये किमी माइसनर वर्ल्ड चॅम्पियन झाली होती, तेव्हा कुणाला वाटलं असतं की पुढचं वर्ल्ड टायटल २०२५ ला येणार?

मधल्या मुलींची नावं घेतली की कळतं. मिराई नागासू २०१० ला व्हँकुव्हरमध्ये १६ वर्षांची, चौथी आली. ग्रेसी गोल्ड (गोल्ड हे तिचं आडनाव) २०१४ ला सोचीत चौथी. हीच ग्रेसी २०१६ च्या बोस्टन वर्ल्ड्समध्ये शॉर्टनंतर पहिली होती आणि शेवटी परत चौथी, आणि मग डिप्रेशन, खाण्याचा आजार, उपचार, २०१८ चं ऑलिंपिक गेलंच. तिनं नंतर हे सगळं स्वतः उघडपणे सांगितलं, म्हणून इथे लिहितेय.

मला विचाराल तर पाणी इथेच मुरत होतं. तेरा-चौदा वर्षांची एखादी पोरगी नॅशनल्सला, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत, चमकली की लगेच "हीच पुढची चॅम्पियन" म्हणून तिला डोक्यावर घ्यायचं, आणि दोन वर्षांत अंग वाढलं, उंची वाढली, जंप बिघडल्या की दुसरीकडे वळायचं. वाढत्या वयात जंप बिघडतातच, हवेत फिरणारं शरीरच बदललेलं असतं, त्यातून बाहेर यायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि नेमकी तीच वर्षं या मुलींना कुणी शांतपणे देत नव्हतं.

प्रश्न: कॉमेंटेटर म्हणतात जंप छान झाली, मार्क मात्र कमी दिसतात. असं अमेरिकन मुलींच्याच बाबतीत का व्हायचं?

त्यांच्याच असं नाही, पण त्यांना फटका जास्त बसला हे खरं. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये पेअर्सच्या (जोडीच्या स्केटिंगच्या) जजिंगवरून जो गोंधळ झाला, त्यानंतर ६.० पैकी मार्क द्यायची जुनी पद्धत गेली आणि २००४ पासून प्रत्येक जंपला वेगळे पॉइंट सुरू झाले. आता टेक्निकल पॅनल रिप्ले लावून लँडिंगचा क्षण बघतं, म्हणजे ब्लेड बर्फाला टेकलं तेव्हा फेरी पूर्ण झाली होती की अजून फिरायचं राहिलं होतं. बरोबर पाव फेरी कमी असेल तर एक खूण, पावपेक्षा जास्त कमी असेल तर दुसरी, आणि अर्धी किंवा त्याहून जास्त कमी असेल तर ट्रिपल (तीन फेऱ्यांची जंप) सरळ डबल (दोन फेऱ्यांची) म्हणून धरतात. लट्झ या जंपचं उदाहरण घ्या, ट्रिपलचे ५.९० आणि डबलचे २.१०, आता करा हिशेब. त्यात पहिल्या काही वर्षांत तर पावपेक्षा थोडं जास्त कमी पडलं तरी डबलचेच पॉइंट द्यायचे, मधली पायरीच नव्हती, ती २०१० नंतर आली.

टीव्हीवर नॉर्मल स्पीडने आपल्याला यातलं काही दिसत नाही. मुलगी उभी राहिली, हसली, टाळ्या पडल्या, आणि स्कोअर आला की चेहरा पडला. पुढच्या वेळी स्लो मोशन लागला की चेहऱ्याकडे बघू नका, ब्लेडचं टोक टेकतं त्या क्षणाकडे बघा. टेकल्यावर बर्फावरच गोल फिरून उरलेली फेरी भरून काढलेली दिसली तर समजायचं, पॉइंट गेले.

प्रश्न: कधी दोन मुली जातात, कधी तीन. हे कोण ठरवतं?

आदल्या वर्षीच्या वर्ल्ड्सचे नंबर. देशाच्या पहिल्या दोघींच्या नंबरांची बेरीज १३ किंवा कमी आली तर पुढच्या वेळी तीन जागा, २८ पर्यंत आली तर दोन. २००८ ला अमेरिकेच्या पहिल्या दोघी ७ आणि १०, बेरीज १७, गेली तिसरी जागा, आणि ती परत यायला २०१३ उजाडलं, तेव्हा ॲशली वॅग्नर ५ आणि ग्रेसी गोल्ड ६. २०१८ ला परत गेली. आणि २०२१ ला कॅरेन चेन ४, ब्रेडी टेनेल ९, म्हणजे बरोबर १३!! तरीही काम पूर्ण नव्हतं, कारण वर्ल्ड्सला दोघीच गेल्या होत्या, मग ऑलिंपिकची तिसरी जागा पक्की करायला तिसऱ्या कुणाला तरी जर्मनीतल्या नेबेलहॉर्न ट्रॉफीत उतरून ती मिळवावी लागणार होती. ती मिळवली अलीसा ल्यूनं, तेव्हा वय १६, आणि स्पर्धा जिंकूनच आली. मिलानच्या कौतुकात हे कुणी आठवत नाही म्हणून मुद्दाम सांगितलं.

प्रश्न: २०१४ ला नागासू नॅशनल्सला तिसरी येऊनही तिला सोडून चौथ्या नंबरच्या वॅग्नरला सोचीला पाठवलं. अन्याय नव्हता का?

यावर फॅन लोक अजून भांडतात. नियम असा होता की फक्त नॅशनल्स नाही तर आधीच्या मोठ्या स्पर्धाही धरायच्या, आणि त्या बघितल्या तर वॅग्नरचं पारडं जड होतं, आधीची दोन्ही वर्षं नॅशनल चॅम्पियन तीच होती. मला निर्णय पटतो. पण नागासूच्या जागी स्वतःला ठेवून बघा, हातातोंडाशी आलेला घास गेला. आणि तिनं काय केलं, तर विशीत ट्रिपल ॲक्सल (साडेतीन फेऱ्यांची अवघड जंप) शिकायला घेतली, ज्या वयात बाकीच्या सोडून देतात, आणि २०१८ ला प्याँगचँग ऑलिंपिकच्या टीम इव्हेंटमध्ये (देशांच्या संघांची स्पर्धा) ती मारून दाखवली. ऑलिंपिकमध्ये ट्रिपल ॲक्सल मारणारी पहिली अमेरिकन महिला. टीमला ब्राँझ. तिचा तो शेवटचा आनंदाचा उड्या मारतानाचा व्हिडिओ शोधून बघाच.

प्रश्न: अलीसानं १६ व्या वर्षी खेळ सोडला होता ना? मग परत येऊन थेट गोल्ड कसं?

हो. १३ व्या वर्षी नॅशनल चॅम्पियन, आजवरची सगळ्यात लहान. २०१९ लाच ज्युनियर स्पर्धेत क्वाड (चार फेऱ्यांची) लट्झ, तेही ट्रिपल ॲक्सल असलेल्या प्रोग्राममध्ये. २०२२ ला बीजिंग केलं, वर्ल्ड्सला ब्राँझ घेतलं आणि एप्रिलमध्ये इन्स्टाग्रामवर सांगून मोकळी झाली. कंटाळली होती, पार थकली होती. मग कॉलेज, मित्रमैत्रिणी, फिरणं, साधं आयुष्य. स्कीइंगला गेली तेव्हा तो जुना वेग अंगात परत जाणवला, आणि २०२४ ला परत आली, पण स्वतःच्या अटींवर: म्युझिक काय, ड्रेस काय, किती ट्रेनिंग, काय खायचं, सगळं तीच ठरवणार. एका वर्षात बोस्टनला वर्ल्ड चॅम्पियन, पुढच्या वर्षी मिलान.

मिलानचं फ्री स्केट मी किती वेळा बघितलं असेल... शॉर्टनंतर ती तिसरी होती, म्हणजे सगळं अजून हातात यायचं होतं, आणि ही पोरगी केसांना आडव्या पट्ट्या रंगवून, सोनेरी ड्रेसमध्ये अशी उतरली जणू मैत्रिणींसमोर नाचायला आलीये. एकही क्वाड नाही, ट्रिपल ॲक्सलही नाही. जे होतं ते स्वच्छ आणि भरपूर वेगात. लँडिंगनंतर पाय मागे सरळ वाहत जातो, कुठे ओढाताण नाही, जजना कापायला जागाच ठेवली नाही तिनं.

प्रश्न: पण रशियाची पूर्ण टीम नव्हती, म्हणून हे गोल्ड हलकं, असं काही जण म्हणतात.

मला नाही पटत. रशियाची आदेलिया पेत्रोस्यान तटस्थ खेळाडू म्हणून मिलानला उतरली होती, मेडल मिळालं नाही. आणि समोर जपानची काओरी साकामोतो होती, तीन वेळा वर्ल्ड चॅम्पियन, शिवाय १७ वर्षांची आमी नाकाई शॉर्टनंतर पहिली. यांना हरवणं हलकं कसं?

मला वाटतं खरा फरक वयाच्या नियमानं पडला. २०२२ ला बीजिंगमध्ये रशियाच्या १५ वर्षांच्या कामिला वालियेवाचं डोपिंग प्रकरण जगानं पाहिलं, त्याच वर्षी सीनियरचं किमान वय १५ वरून टप्प्याटप्प्यानं १७ करायचं ठरलं. म्हणजे मोठ्या झालेल्या शरीरानं जंप मारता येणं आलंच.

प्रश्न: मिलानला अमेरिकेच्याच अँबर ग्लेनचं काय चुकलं? मला तिच्यासाठी रडू आलं.

मलाही आलं. शॉर्टमध्ये ट्रिपल लूपची (लूप हा जंपचा एक प्रकार) डबल झाली, आणि तिथे डबल चालतच नाही, शून्य. १३ व्या नंबरवर गेली. तरी फ्री स्केटला येऊन ट्रिपल ॲक्सल मारून पाचवी आली, वय २६! लहानपणी तिनंही मनाच्या त्रासापायी खेळ थांबवला होता, पहिलं नॅशनल टायटल २०२४ ला मिळालं, मग सलग तीन. मिशेल क्वाननंतर सलग तीन कुणालाच जमले नव्हते. मिलानच्या टीम इव्हेंटचं गोल्ड आहेच तिच्याकडे.

प्रश्न: मग क्वाड आता कोण शिकणार? सोप्या जंपनीच गोल्ड मिळत असेल तर?

ज्युनियरमध्ये शिकतायतच मुली, शिकू देत. क्वाड पडली नाही तर तिचे पॉइंट कुणी अडवू शकत नाही. फक्त ती १३ व्या वर्षी येते म्हणून त्या मुलीला पुढच्या ऑलिंपिकची दावेदार म्हणू नका, १८-१९ व्या वर्षी ती जंप तिच्याकडे आहे का ते बघा आणि तोवर थांबा.