जुन्या आउटबोर्डच्या गियर ऑइलमध्ये पाणी जातंय, अख्खं लोअर युनिट बदलावं की सीलवर भागेल?

तुम्ही लिहिलंय की गोसीखुर्द धरणाच्या बुडीतात चालणाऱ्या नावेवर पंचवीस घोड्यांचं जुनं दोन-स्ट्रोक आउटबोर्ड मशीन, म्हणजे नावेच्या मागे टांगलेलं इंजिन, आहे. दोनदा सील (शाफ्टभोवतीची रबरी कडी) बदलून झालं तरी तेल दुधासारखं होतं आणि मिस्त्री आता म्हणतो, लोअर युनिटच, म्हणजे गियर आणि पंख्याचा खालचा भागच, नवीन टाका. टाकावं का, आणि इकडे कोणाकडे न्यावं, हा तुमचा प्रश्न.

नका टाकू. निदान आत्ताच नका. दोनदा सील बदलून पाणी थांबत नसेल तर पाणी कुठून येतं हे कोणी पाहिलेलंच नाही. अंदाजानं सील मारलं, पैसे घेतले, आणि तिसऱ्यांदा अंदाज चुकला तर दोष मशीनच्या माथी. ही पद्धत पाहून माझं डोकं फिरतं.

आधी खरंच गळती आहे का ते ठरवा. पंख्याच्या बोशीतून, म्हणजे मधल्या नळीतून, काळं, चिकट, पाण्यावर रंगीत तवंग सोडणारं तेल ठिबकत असेल तर ते गियर ऑइल नाही. दोन-स्ट्रोकचं न जळलेलं तेल एक्झॉस्टमधून तिकडेच उतरतं. जुन्या मशीनला ते व्हायचंच. मागच्या बाजूनं पाण्याची बारीक धार उडते तीही गळती नव्हे. ती बंद पडली तर मात्र घाबरा. गियर ऑइलची गळती पाहायची तर मशीन रात्रभर उभं ठेवा आणि सकाळी गियरबॉक्सच्या तेलाचा खालचा स्क्रू दोन-तीन आटे सैल करा, वरचा बंदच राहू द्या. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते खाली बसतं. आधी चमचाभर निव्वळ पाणी आलं आणि मागून बऱ्या रंगाचं तेल आलं, तर पाणी शिरलेलं आहे पण तेलात घोटलं गेलेलं नाही. एकदम दुधाच्या चहासारखं आलं तर त्या पाण्यासकट मशीन बरंच चाललंय. एक सावधगिरी: जुन्या जॉन्सन-एव्हिनरुड मशीनमध्ये तेलाच्या स्क्रूजवळच फुलीच्या खाचेचा एक स्क्रू असतो. तो गियर बदलायच्या पाळण्याचा आहे. तो काढलात की आतला पाळणा जागचा हलतो आणि मग सगळं उकलावं लागतं.

आता पाणी शिरतं कसं, हे समजलं की अर्धं काम झालं. चालताना गियरबॉक्स तापतो, आतली हवा फुगून फटीतून बाहेर जाते. जाळं टाकायला मशीन बंद केलं की थंड पाण्यात तो झटकन निवतो आणि आत ओढ तयार होते. ज्या फटीतून हवा गेली तिथूनच पाणी आत येतं. म्हणून दिवसभर सलग चालणाऱ्या मशीनपेक्षा थांबत-थांबत जाळी काढणाऱ्या मशीनमध्ये पाणी जास्त सापडतं. बाहेर तेलाचा थेंब दिसत नाही आणि आत दूध, हे गणितही त्यातलंच.

फट शोधायला हवा भरायची. तेल पूर्ण काढा, वरचा स्क्रू नव्या वॉशरसह घट्ट करा. खालच्या भोकाच्या आट्यांना बसेल असा पितळी निप्पल लेथवाल्याकडून करून घ्या, त्यावर जाड रबरी नळी आणि ट्यूबचा वॉल्व लावा, मध्ये एक प्रेशर गेज. गेज नसेल तर हा खटाटोपच करू नका. हवा सायकलच्या हातपंपाने. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरला युनिट लावायचं नाही, तिथली हवा शंभर पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) वर असते आणि सीलची ओठं उलटी होतात. आधी तीन ते पाच पीएसआय भरून थांबा. मग दहापर्यंत, शेवटी चौदा. त्यावर नाही. कमी दाबाची पायरी लोक गाळतात, आणि नेमकी तीच महत्त्वाची. जास्त दाबाला सीलचं ओठ शाफ्टवर दाबलं जाऊन गळती लपते, कमी दाबाला ती उघडी पडते.

युनिट पाण्याच्या ड्रममध्ये बुडवा आणि पंख्याचा शाफ्ट हाताने हळूहळू फिरवत राहा, गियरची काडी हलवून पाहा. थांबलेल्या शाफ्टला बुडबुडा येत नाही, फिरवला की येतो. बुडबुडे पंख्याच्या शाफ्टभोवती आले तर तिथले सील. शाफ्टपासून दूर, गोल झाकणाच्या कडेने आले तर कॅरियरची, म्हणजे त्या झाकणाची, ओ-रिंग (रबरी कडी). वरून, पाणपंपाखालून आले तर उभ्या शाफ्टचं सील. गियरच्या काडीपाशी आले तर तिथलं छोटं सील किंवा ओ-रिंग. स्क्रूपाशी आले तर देवाचे आभार माना, कारण वॉशर काही रुपयांचं आहे. तो वॉशर दर तेलबदलीला नवा टाकायचा असतो. बहुतेक जण जुन्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळतात. तो टेप लावू नका. वॉशर दबून बसण्याआधीच टेपने स्क्रू घट्ट वाटायला लागतो.

आता तुमच्यासारखंच एक मशीन. पवनीकडून आलं होतं, तीन वेळा सील टाकलेलं. तिन्ही वेळा बाहेरच्या मिस्त्रीने सांगितलं की सील डुप्लिकेट निघालं. पाच पीएसआयला पंख्याच्या शाफ्टभोवती बुडबुड्यांची साखळी. पंखा काढला: कॉटर पिन, नट, वॉशर, पंखा, आणि त्यामागचा जाड थ्रस्ट वॉशर. त्या वॉशरच्या मागे तंगुसाची वेटोळी. जाळ्याचा धागा पंख्यात आला की तो बोशीवर गुंडाळला जातो, तिथून सरकत वॉशरमागे जातो आणि सीलच्या ओठाखाली घुसून करवतीसारखं काम करतो. बुडीतात उभी वाळलेली झाडं, त्यांना अडकून फाटलेली जाळी आणि वर जलपर्णी. इथल्या मशीनला हे होणारच. पण तिन्ही वेळा धागा काढून नवं सील बसवलं होतं, मग गळती का?

शाफ्ट पुसून त्यावर नख आडवं फिरवलं. खट्ट! नख अडकलं. सीलचं ओठ ज्या रेषेवर फिरतं तिथे गोल चर पडलेला. नवं सील त्याच खोलीवर बसवलं की नवं ओठ त्याच जुन्या चरीत. पहिले दोन-चार दिवस नवा रबर ताणून धरतो, मग सोडतो. सील अस्सल होतं की नक्कल, याने काडीचा फरक पडला नसता. हे त्या तीन वेळा सील टाकणाऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणे, एवढ्या बारीक चरीने काही होत नाही, शाफ्टवर वेल्डिंग भरून लेथवर घासून घ्या. बाप्पा! पंख्याच्या शाफ्टला वेल्डिंग म्हणजे उष्णतेने तो वाकतो, वरची कठीण पातळी मऊ होते, आणि मग सीलसोबत बेअरिंगही जातं.

चर उथळ असेल तर उपाय फुकटातला आहे. सील आधीच्या जागेपेक्षा दीड-दोन मिमी मागे-पुढे बसवा म्हणजे ओठ शाफ्टच्या कोऱ्या भागावर येतं. बैठक तेवढी खोल आहे ना हे व्हर्निअरने आधी मोजा आणि तेलाचं भोक झाकलं जात नाही ना ते पाहा. चर खोल असेल तर पाव मिमीच्या आसपास जाडीची स्टीलची बाही मिळते, ती शाफ्टवर दाबून बसवतात. सीलचं माप तेच राहतं. गंज किंवा खरवड असेल तर झिरो पेपरने घासा, पण शाफ्टभोवती गोल. लांबीच्या दिशेने घासलं की त्या उभ्या रेघाच पाण्याच्या नाल्या होतात.

कॅरियर काढताना ॲल्युमिनियमवर छिन्नी ठोकू नका. बोल्ट काढून झाल्यावर डिझेल-तेलात रात्रभर भिजू द्या, बाहेरून थोडी उष्णता द्या आणि पुलरने ओढा. आत शिम, म्हणजे पातळ चकत्या, असतात. त्या ज्या बाजूला, जितक्या, तशाच परत जायला हव्यात, नाहीतर गियरची दातजुळणी बिघडते. जुनं सील काढण्याआधी त्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे याचा मोबाइलवर फोटो घ्या. बहुतेक मशीनमध्ये दोन सील असतात. काहींत पाठीला पाठ लावून, काहींत दोन्ही एकाच दिशेला. पाठ करून ठेवलेल्या नियमावर जाऊ नका. माप सीलवरच छापलेलं असतं: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. तेवढं घेऊन कुठल्याही बेअरिंगवाल्याकडे जा, फक्त गंजेल अशी साधी स्प्रिंग नको, स्टेनलेसची मागा. बसवताना सीलच्या बाहेरच्या कडेएवढा सॉकेट पाना किंवा जीआय पाइपचा तुकडा ठेवून सरळ ठोका. ओठात पाण्याला टिकणारं ग्रीस भरा. आणि शाफ्ट परत घालताना त्याच्या दात्यांवर सेलोटेप गुंडाळा! ते धारदार दाते नव्या सीलचं ओठ आत जातानाच कापतात. मला वाटतं, निम्मी नवी सीलं इथेच मरतात.

पाणपंपाकडून बुडबुडे असतील तर युनिट उतरवावंच लागतं. उतरवलंच आहे तर इम्पेलर, म्हणजे पंपातलं रबरी पात्यांचं चाकही बदला, बुडीतला गाळ त्याची पाती खातो. इम्पेलर कपात घालताना शाफ्ट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत घाला. परत चढवताना शाफ्टच्या दात्यांच्या बाजूंना ग्रीस, टोकावर नाही; टोकावरचं ग्रीस शाफ्टला पूर्ण वर बसू देत नाही. बोल्ट आवळण्याआधी पुढे-न्यूट्रल-मागे तिन्ही गियर हाताने लावून पाहा.

सगळं जुळलं की पुन्हा हवा. दहा पीएसआयला पाच मिनिटं काटा हलला नाही तर तेल भरा, आउटबोर्डसाठीचं 90 नंबरचं. खालच्या भोकातून भरायचं, वरच्यातून बुडबुड्याविना धार येईपर्यंत. मग वरचा स्क्रू आधी, खालचा नंतर. उलट केलं की हवा आत अडकते. पंचवीस घोड्यांच्या मशीनला साधारण 300 मिलीच्या आसपास लागतं. गियर ऑइलऐवजी ग्रीस ठासणारेही मी पाहिलेत, ‘ग्रीस गळत नाही’ म्हणून. ग्रीसला गियर एकदा बाजूला लोटतात, मग ते परत येत नाही आणि बेअरिंग कोरडं फिरतं. वरून एम-सील थापणाऱ्यांबद्दल तर लिहितही नाही.

हे सगळं लोअर युनिटमधल्या गळतीबद्दल झालं. स्पार्क प्लगवर पाण्याचे थेंब किंवा पांढरी धुतलेली टोकं दिसत असतील तर पाणी वर, हेडच्या किंवा एक्झॉस्ट कव्हरच्या गॅस्केटमधून येतंय, तिथे वरचं काही लागू नाही. तेलाच्या स्क्रूला चुंबक असेल तर त्यावर बारीक काळा चिखल चालेल. दाताची कपची निघाली तर गियर गेले. ओतीव भागालाच तडा असेल किंवा मशीन पावसाळाभर पाण्यासकट शेडमध्ये पडलेलं असेल तर बेअरिंगवर खड्डे पडलेले असतात, आणि तेव्हा तुमच्या मिस्त्रीचं म्हणणं बरोबर ठरू शकतं. हे मान्य. पण ते हवा भरून आणि उघडून पाहिल्यावर म्हणायचं, आधी नाही.

कोणाकडे न्यायचं याचं उत्तर माझ्याकडे एवढंच: ज्याच्याकडे गेज आहे त्याच्याकडे. आणल्यावर नाव वीस मिनिटं चालवा, रात्रभर पाण्यात उभी ठेवा आणि सकाळी खालच्या स्क्रूतून चमचाभर तेल काढून पाहा.