पहिली इंग्रजी कादंबरी लिहून झाली आहे. लंडन-न्यूयॉर्कमधला लिटररी एजंट कसा मिळवायचा?

तुमच्या प्रश्नातून कळलं ते असं: कादंबरी इंग्रजीत, शब्द १ लाख ४० हजार, पार्श्वभूमी मिरजेतल्या तंतुवाद्य कारागिरांची, मुक्काम पुण्यात. परदेशातला एजंट हवा आहे. मध्येच एका एजन्सीने ‘वाचनशुल्क’ म्हणून ४० हजार रुपये मागितलेत, ते भरावेत का?

भरू नका. एजंट म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाला पुस्तक विकणारा माणूस, आणि तो कमिशनवर जगतो: देशांतर्गत विक्रीवर १५ टक्के, परदेशी आणि अनुवादाच्या हक्कांवर बहुधा २०. प्रकाशकाकडून पैसे आले की तो आपला वाटा कापून उरलेले तुम्हाला पाठवतो. जो नुसतं वाचायचेच पैसे घेतो, त्याला पुस्तक विकण्याची निकड उरत नाही. ‘असोसिएशन ऑफ अमेरिकन लिटररी एजंट्स’च्या आचारसंहितेत सभासदांना वाचनशुल्क घ्यायला मनाईच आहे. दुसरा प्रकार याहून वाईट. खऱ्या, नावाजलेल्या एजंटचं नाव लावून ईमेल येतो, ‘तुमची कादंबरी वाचली, फार आवडली’ असं लिहिलेलं असतं, आणि मागोमाग संपादनाचे किंवा नोंदणीचे पैसे मागितले जातात. कुणालाच न दाखवलेली कादंबरी त्यांनी वाचली कुठे? ईमेलचा पत्ता एजन्सीच्या अधिकृत संकेतस्थळाशी ताडून बघा आणि ‘रायटर बिवेअर’ या संकेतस्थळावर ते नाव शोधा. तिथे १९९८ पासून अशा फसवणुकींवर नजर ठेवली जाते.

आता एजंट लागतो का, हे. मराठीत लिहिलं असतंत तर लागला नसता. आपल्याकडे लेखक थेट प्रकाशकाच्या संपादकाकडे हस्तलिखित पाठवतो. भारतातले इंग्रजी प्रकाशकही काही वेळा थेट आलेलं लेखन बघतात, शिवाय सियाही, रायटर्स साइड, अ सूटेबल एजन्सी अशा इथल्या एजन्सीजही आहेत. लंडन-न्यूयॉर्कच्या मोठ्या प्रकाशकांकडे मात्र एजंटशिवाय कथात्म लेखन घेतच नाहीत, त्यामुळे तिथे जायचं तर हाच रस्ता.

पण पाठवण्याआधी शब्दसंख्या. पहिल्या कादंबरीसाठी ८० हजार ते १ लाख शब्द ही तिकडची सर्वमान्य पट्टी आहे. फँटसीला थोडी सूट मिळते, तीही १ लाख २० हजारांच्या आसपास संपते. १ लाख ४० हजार हा आकडा पाहून बरेच एजंट पहिलं पानही उघडणार नाहीत. जाड पुस्तक छापायला महाग, अनुवादाला त्याहून महाग, आणि अनोळखी नावावर तेवढी किंमत लावणं प्रकाशकाला अवघड जातं. ‘नंतर कापू’ असं पत्रात लिहून भागत नाही, आत्ताच कापा. तुमच्यासारख्या विषयात कुठे कापावं लागतं हे साधारण ठरलेलं आहे: जिथे माहिती गोळा केल्याचा आनंद लेखकाला आवरत नाही तिथे. मंगळवेढा-पंढरपूर भागातून तंबोऱ्यासाठी भोपळे कसे येतात, ते कसे वाळवतात, यावर सहा पानं असतील तर अर्धं पान ठेवा, आणि तेही कुणाच्या तरी हातात भोपळा फुटतो त्या प्रसंगात. मराठी शब्दांचे अर्थ मात्र कंसात देत बसू नका. संदर्भावरून कळेल असं वाक्य रचा. वाचक तेवढं समजून घेतो.

एजंटांची यादी हे या कामातलं सगळ्यात दुर्लक्षित अंग. ‘क्वेरीट्रॅकर’वर प्रकारानुसार नावं मिळतात, ‘मॅन्युस्क्रिप्ट विश लिस्ट’वर एजंट आपल्याला काय हवंय ते स्वतः लिहितात, ब्रिटनसाठी ‘रायटर्स अँड आर्टिस्ट्स इयरबुक’ दरवर्षी निघतं. तरी माझा सर्वांत जास्त भरवसा पुस्तकांच्या आभाराच्या पानावर. तुमच्या कादंबरीच्या जातकुळीच्या, गेल्या पाचेक वर्षांत आलेल्या पुस्तकांची ती पानं वाचा. जवळजवळ प्रत्येक लेखक तिथे एजंटचं नाव घेतो, म्हणजे त्या माणसाने असं पुस्तक प्रत्यक्ष विकलंय याचा पुरावा हाती येतो. चाळीस-पन्नास नावं जमवा. एका तक्त्यात नाव, एजन्सी, काय मागतात, कधी पाठवलं, काय उत्तर आलं हे रकाने ठेवा. एका एजन्सीत एका वेळी एकालाच पाठवायचं; काही ठिकाणी एकाचा नकार हा सगळ्यांचा नकार धरतात. बड्या नावांच्या मागे लागण्यापेक्षा जुन्या एजन्सीतल्या नव्या एजंटवर भर द्या. त्यांची यादी अजून भरायची असते आणि पाठीशी अनुभवी माणसं असतात.

मग पत्र, म्हणजे क्वेरी लेटर. एक पान, ३०० ते ४०० शब्द. त्यात कादंबरीचं नाव, प्रकार, शब्दसंख्या; अलीकडची दोन तुलनीय पुस्तकं; कथेवर दीड-दोनशे शब्द; स्वतःबद्दल दोन ओळी; आणि याच एजंटला का लिहिताय याचं एक खरं कारण. बहुतेक पत्रं पडतात ती कथेच्या परिच्छेदात. ‘ही कादंबरी परंपरा आणि बाजार, बाप आणि लेक यांच्यातल्या नात्याचा वेध घेते’ असं लिहिलंत तर वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. तुमचं कथानक प्रश्नात नाही, म्हणून एक कल्पित धरू:

‘मिरज, १९९४. बावीस वर्षांच्या रुखसानाला वडिलांनी तंबोऱ्याची जवारी काढायला शिकवलंय, पण दुकानाच्या पाटीवर नाव भावाचं. वडिलांचे हात थरथरू लागतात तेव्हा ती गुपचूप त्यांच्या नावाने वाद्यं पुरी करू लागते. मग मुंबईच्या एका नामवंत गायिकेचा तंबोरा दुरुस्तीला येतो, आणि पहिल्याच झंकाराला गायिका ओळखते की हा हात वेगळा आहे. खरं सांगावं तर वडिलांचं नाव जाईल. गप्प बसावं तर भाऊ दुकान विकून मोकळा होईल.’

यात कोण, तिला काय हवंय, आड काय येतंय आणि चुकलं तर काय जाईल, हे सगळं आलं. शेवट सांगितलेला नाही. पत्रात तो सांगायचाही नसतो. सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे कथेच्या सारांशात, मात्र सांगावाच लागतो. एका पानात, साधारण पाचशे शब्दांत, वर्तमानकाळात, अखेरच्या वळणासह. ‘शेवट जाणण्यासाठी कादंबरी वाचा’ असं तिथे लिहिणारे पुष्कळ असतात आणि त्यांचं पाकीट तिथेच बंद होतं. तुलनीय पुस्तकं निवडताना अभिजात किंवा जगभर गाजलेली नावं टाळा; एजंटला बाजारातली आजची जागा कळायला हवी.

ब्रिटनमध्ये बहुधा पत्र, सिनॉप्सिस आणि पहिली तीन प्रकरणं किंवा १० हजार शब्द मागतात. अमेरिकेत पत्र आणि पहिली पाच-दहा पानं, तीही ‘क्वेरीमॅनेजर’च्या ऑनलाइन फॉर्ममध्ये किंवा ईमेलच्या मजकुरातच चिकटवलेली, न मागितलेली जोडलेली फाइल तिकडे उघडत नाहीत. प्रत्येक एजन्सीची सूचना वेगळी असते, ती अक्षरशः पाळा. हस्तलिखित १२ पॉइंटच्या साध्या टाइपात, दुहेरी अंतरात, चारी बाजूंना इंचभर समास सोडून. कादंबरी पूर्ण झालेली हवीच, कारण रस वाटला तर संपूर्ण मजकूर लगेच मागतात.

सगळ्यांना एकदम पाठवू नका. सहा ते आठ जणांना पाठवा आणि सहा ते बारा आठवडे थांबा. लंडन पुस्तकमेळा मार्चमध्ये, फ्रँकफर्टचा ऑक्टोबरमध्ये. त्या काळात, शिवाय ऑगस्टमध्ये आणि नाताळच्या सुमारास टपाल साचून राहतं. अनेकजण नकारही कळवत नाहीत, मौन हाच नकार समजायचा. पहिल्या फेरीत एकानेही पुढची पानं मागितली नाहीत तर खोट पत्रात, शब्दसंख्येत किंवा पहिल्या पाच पानांत आहे. उरलेल्या यादीला हात न लावता तेवढंच दुरुस्त करा. पहिली प्रकरणं आवडून पूर्ण हस्तलिखित मागवलं आणि मग नकार आला, तोही तीन-चार जणांकडून, तर दोष कादंबरीच्या मध्यात आहे. एकाच सूचनेचा दोन अनोळखी माणसांनी स्वतंत्रपणे उल्लेख केला तर ती गांभीर्याने घ्या. ‘बदल करून पुन्हा पाठवा’ असं सविस्तर पत्र आलं तर ती खरी संधी असते. घाई न करता दोन-तीन महिने द्या.

होकार आला की एजंट फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर बोलतो. लगेच हो म्हणू नका. ज्यांच्याकडे तुमचं लेखन पडून आहे त्या सगळ्यांना कळवा आणि दोन आठवड्यांची मुदत द्या. हा तिथला शिष्टाचारच आहे. त्या बोलण्यात विचारा: काय बदल हवेत, कुठल्या संपादकांना पाठवणार, ही कादंबरी विकली गेली नाही तर पुढचीला उभे राहणार का, करार मोडायचा तर किती दिवसांची नोटीस.

आणि भारतीय उपखंडाचे हक्क कोण विकणार, हे विसरू नका. ब्रिटिश प्रकाशकाला राष्ट्रकुलाचा सगळा प्रदेश एकत्र हवा असतो. तो दिलात तर पुण्याच्या दुकानात तुमचं पुस्तक निर्यात प्रत म्हणून येतं. त्या प्रतींवर रॉयल्टीचा दर कमी असतो, आणि तीही बऱ्याचदा छापील किमतीवर नव्हे, प्रकाशकाच्या हाती आलेल्या रकमेवर. भारताचे हक्क वेगळे काढून दिल्लीतल्या प्रकाशकाला विकले तर ॲडव्हान्स, म्हणजे रॉयल्टीपोटी आगाऊ मिळणारी रक्कम, वेगळा मिळतो आणि किंमत इथल्या वाचकाला परवडेल अशी ठरते. मराठीसह भारतीय भाषांतल्या अनुवादाचे हक्कही शक्यतो स्वतःकडे राखा. मिरजेची गोष्ट मिरजेच्या वाचकाला मराठीतून वाचता यावी, असं मला मनापासून वाटतं.

ॲडव्हान्स एकरकमी मिळत नाही. सही, अंतिम हस्तलिखित आणि प्रकाशन अशा टप्प्यांत येतो. अमेरिकेतून पैसे येणार असतील तर डब्ल्यू-८ बीईएन हा अमेरिकी कर खात्याचा फॉर्म पॅन क्रमांकासह भरून आधीच एजंटकडे द्या. नाहीतर तिकडे ३० टक्के कर कापला जातो. भारत-अमेरिका कर-करारानुसार लेखनाच्या रॉयल्टीवर तो १५ टक्के आहे. कापलेल्या कराचं प्रमाणपत्र एजंटकडून मागून घ्या, इथलं विवरणपत्र भरताना तुमच्या सीएला ते लागेल.