चेक इंजिनचा दिवा: कोड पुसायची घाई कशाला?

चेक इंजिनच्या दिव्याबद्दल तेच गोंधळ पुन्हा पुन्हा विचारले जातात. म्हणून ही उत्तरे एकत्र देतो.

प्रश्न : किल्ली ऑन केली की इंजिन सुरू व्हायच्या आधीच दिवा लागतो. बिघाड आहे का?

नाही. तेव्हा तो लागायलाच हवा. इंजिन सुरू झाल्यावर विझला नाही, तर दाखवा.

प्रश्न : जुनी गाडी घेतोय. किल्ली ऑन केल्यावर बाकीचे दिवे लागतात, हा लागत नाही. विकणारा म्हणतो, इंजिन उत्तम आहे म्हणून.

इंजिन उत्तम असले तरी तो लागतो. बल्ब गेला असेल, मीटरमध्ये दोष असेल, किंवा कोणी मुद्दाम बल्ब काढला असेल. काही जण तर त्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडतात, म्हणजे तो लागतो आणि वेळेवर विझतोही. स्कॅनर (ईसीयू म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषाचे कोड वाचणारे यंत्र) लावून तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न : पी०१३५ कोड आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलला. तिसऱ्या दिवशी दिवा परत लागला. दुसऱ्या कंपनीचा घालू का?

थांबा. हा सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो आणि त्याला तापवायला आत हीटर असतो. हा कोड त्या हीटरच्या सर्किटमध्ये दोष आहे एवढेच सांगतो. त्या सर्किटमध्ये फ्यूज आहे, कनेक्टर आहे, सायलेन्सरच्या पाइपाजवळून जाणाऱ्या आणि उष्णतेने वितळू शकणाऱ्या वायरी आहेत, आणि ईसीयूकडून मिळणारे अर्थिंगही आहे. यातले काय तपासले, ते त्या मेकॅनिकला विचारा. ‘कोड आला, पार्ट बदला’ ही तपासणी नव्हे, विक्री आहे.

कनेक्टर काढून मल्टीमीटर लावला आणि बारा व्होल्ट दिसले, म्हणून वायर चांगली ठरत नाही. एकच तार शाबूत असलेली वायरसुद्धा बारा व्होल्ट दाखवते. हीटरने करंट ओढला की तेच व्होल्टेज कोसळते. म्हणून कनेक्टर जोडलेला असताना, हीटर चालू असताना मोजायचे.

आणि पुसण्याआधी कोड लिहून घ्या. कोडसोबत ईसीयू त्या क्षणाचा वेग, तापमान, इंजिनवरचा ताण नोंदवून ठेवतो. दोष थंड इंजिनवर आला की तापल्यावर, हे त्यातूनच कळते. एक बटण दाबले की ते सगळे जाते. सेन्सर पुन्हा बदलण्याआधी चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून वायरिंग तपासून घ्या.

प्रश्न : बॅटरीची वायर काढून ठेवली की दिवा जातो म्हणे?

बऱ्याच गाड्यांत जातो. दोष तिथेच राहतो, नोंद मात्र पुसली जाते. हा ऐकीव उपाय करू नका.

प्रश्न : स्कॅनरवर एकही कोड नाही, तरी दिवा सतत जळतो.

मग दिव्याच्याच सर्किटवर संशय घ्या. अनेक जुन्या गाड्यांत दिव्याला प्लस किल्लीकडून मिळतो आणि ईसीयू अर्थिंग देऊन तो पेटवतो. मधली वायर घासून बॉडीला टेकली, की तो आपोआप लागतो. नव्या गाड्यांत मीटरला हा निरोप डेटा वायरीवरून जातो, तिथे हे लागू होत नाही. तुमच्या मॉडेलचा वायरिंग नकाशा असणाऱ्याकडेच जा. टेस्ट लॅम्पने ईसीयूच्या वायरी टोचू देऊ नका.

प्रश्न : दिवा लुकलुकतोय. गॅरेजपर्यंत चालवत नेऊ का?

नको. लुकलुकणे म्हणजे बहुधा मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणे. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या पाइपातल्या, धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन जळते आणि तो निकामी होतो. अॅक्सिलरेटर सोडा, सुरक्षित जागी थांबा आणि मेकॅनिकला तिथेच बोलवा. सोबत ऑइलचा लाल दिवाही लागला, तर इंजिन त्याच क्षणी बंद करा.