तेल घालूनही दाराची बिजागरी महिन्याभरात पुन्हा करकरते, दार जडही झालंय. काय करावं?

कोणतं तेल घातलंत ते लिहिलं नाहीत, पण खोबरेल असणार. सोलापुरात आमच्या घरी वर्षानुवर्षं तेच चालायचं. आईची वेणी झाली की बोटाला उरलेलं तेल बिजागरीला. उन्हाळाभर दार मुकाट, आणि जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली की पहाटे दूध घ्यायला दार उघडलं तरी अख्खी गल्ली जागी. खोबरेल साधारण 24 अंशांखाली थिजतं, दुसरं काय! गोडंतेल त्याहून वाईट. ते हवेनं चिकट होतं, त्यावर आपली धूळ बसून काळं किटण तयार होतं आणि ते बिजागरीच्या मधल्या खिळ्याला घासत राहतं. आवाज येतो तो खिळा क्षणभर अडकतो, सुटतो, परत अडकतो म्हणून. दाराची फळी तो ढोलकीसारखा मोठा करते.

तेव्हा आधी किटण काढा. खिळा निघणारा असेल तर दाराखाली पाचर ठोकून एका वेळी एकच बिजागरी सोडवा, खिळा रॉकेलनं पुसा, गंज पॉलिश पेपरनं घासा आणि ग्रीसचं बोट फिरवून परत बसवा. खिळा पक्का ठोकलेला असेल तर सांध्यात वरून शिलाई मशीनचं तेल सोडा, दार दहा-पंधरा वेळा हलवा, ओघळ पुसून टाका. ओघळ ठेवला की धूळ आलीच.

जडपणाचा दोष मात्र खिळ्यावर टाकू नका. 25 किलोचं, 75 सेंटीमीटर रुंद दार धरा. खिळ्याची त्रिज्या जेमतेम 3-4 मिलिमीटर. तो अगदी कोरडा घासला तरी कडीपाशी हाताला शे-दीडशे ग्रॅमच जोर जास्त लागेल. खरी गोम बहुतेक वरच्या बिजागरीत असते, कारण दाराची ओढ तिच्यावर. दार अर्धं उघडून कडीला धरून वर उचला. खडखड हललं तर स्क्रू ढिले, म्हणून दार झुकून खाली घासतं आणि जड वाटतं. नुसते आवळून भागत नाही, भोक मोठं झालेलं असतं. त्यात फेव्हिकॉल लावलेल्या काडेपेटीच्या काड्या ठोका, रात्रभर वाळू द्या, मग स्क्रू बसवा. आमचं न्हाणीघराचं दार गेली सहा वर्षं अशा चार काड्यांवर उभं आहे.

आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या, हळू मिटणाऱ्या बिजागऱ्या असतील तर त्यांच्या दट्ट्यात तेल ओतू नका. तिथे पल्ला घासत असेल तर बाजूचा स्क्रू थोडा फिरवून तो सरकवायचा, बस्स.