जुनी टर्बो हॅचबॅक रोजच्या वापराला?

प्रश्न : वीस वर्षं जुनी टर्बो हॅचबॅक आवडली आहे. रोज ऑफिसला नेता येईल का?

उत्तर : येईल, पण बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असू द्या. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन बरंच काही लपवतं. निळा धूर दिसला तर ऑइल जळतंय. अशीच गाडी मी नऊ वर्षं रोज चालवली. घेताना टायमिंग बेल्ट (इंजिनातल्या व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा रबरी पट्टा) बदलल्याची पावती मागितली नाही. चौथ्या महिन्यात बेल्ट तुटला, व्हॉल्व्ह वाकले. बेल्टचे किलोमीटर मोजता तसं वयही मोजा, उभ्या गाडीतही रबर म्हातारं होतं. पावती नसेल तर बेल्ट आणि त्याच्यासोबतच बदलायच्या वॉटर पंपाचा खर्च किमतीतून वजा करा. गंज चेसिसपर्यंत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापर्यंत पोचला असेल तर मात्र गाडी सोडा, कितीही मन बसलं असलं तरी.